‘बँकेबल’ पाण्याचे जामीनदार आम्हीच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख असते, तसे निळ्या पेनाचे गोलही असतात. गोल म्हणजे त्या दिवशी नळाला पाणी आले. मी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहते. एका बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. नोंद नाही तर व्यवहार झालाच नाही, ही तिथली शिकवण हाडात मुरली आहे, त्यामुळे गोल चुकत नाही. दरवर्षी दिवाळीला सून जुनी कॅलेंडरे रद्दीत घालायला काढते आणि मी ती परत माळ्यावर ठेवते.

परवा त्यातले २०२१चे काढले. गोल मोजले, ५८ भरले. त्या वर्षी अर्ध्या इंची घरगुती नळाची पाणीपट्टी होती ४०५० रुपये. पावती फाइलला आहे. भागाकार केला तर एका पाण्याला जवळजवळ ७० रुपये पडले. ‘एक पाणी’ म्हणजे आमच्याकडे पाऊण तास, आणि तोही लाइनमनने व्हॉल्व्ह पुरता फिरवला तर. आधी नळ नुसता फुसफुसतो, मग तांबूस पाणी, मग खरे पाणी. तोवर शेजारच्या मोटारी सुरू झालेल्या असतात.

हा हिशेब आजच उकरून काढायला कारण झाला एक शब्द. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात शहरांसाठी एक लाख कोटींचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. स्मार्ट सिटी मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ला संपली, त्यामुळे इथून पुढे शहरांची नजर या फंडाकडे असणार हे उघड आहे. त्यात पाणी आणि मलनिस्सारणाची कामेही बसतात. अट अशी की, प्रकल्प ‘बँकेबल’ हवा. त्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त २५ टक्के हिस्सा फंड देईल, आणि किमान ५० टक्के पैसा कर्जरोखे, बँकेचे कर्ज किंवा खासगी भागीदारी म्हणजे पीपीपी यांतून उभा करावा लागेल.

बँकेबल! हा शब्द मी ३१ वर्षे रोज ऐकला. आमच्या टेबलावर त्याचा अर्थ फार साधा होता: हप्ता कुठून येणार ते दाखवा. काम चांगले आहे की नाही, लोकांना त्याची गरज आहे की नाही, हे नंतर. गावाला दवाखाना हवा असतो, पण बँकेबल ठरते ते मंगल कार्यालय.

आता साधे गणित मांडते. १०० कोटींची पाणीयोजना धरा. २५ फंडाचे, ५० बाजारातून, उरलेले २५ महापालिकेने किंवा राज्याने घालायचे. बाजारातले ५० कोटी ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर वर्षाचा हप्ता साधारण साडेपाच कोटी बसतो. वीस वर्षांत एकूण ११० कोटींच्या आसपास फेड. हे झाले नुसते कर्जाचे. खासगी भागीदार आला की त्याने घातलेल्या भांडवलावरचा नफाही यात मिळवावा लागतो, आणि तो नफा बँकेच्या व्याजापेक्षा जास्तच असणार. नाहीतर तो पैसे मुदत ठेवीत ठेवून घरी बसेल. त्यात चूक काही नाही. पण ‘खासगी कंपनी पैसा आणणार, महापालिकेवर बोजा नाही’ असे भाषणात ऐकले की मला हसू येते. कंपनी पैसा आणते खरा, तो आमच्यासारख्याच एखाद्या बँकेतून. फेडतो नळधारक. उसनवारी करणारा वेगळा आणि हप्ता भरणारा वेगळा, अशा कर्जाला आम्ही शाखेत दहा प्रश्न विचारत असू.

आमच्या शहराने हा धडा एकदा शिकून फी भरलेली आहे. ‘समांतर’ हा शब्द इथे कुणासमोरही काढा, चहा थंड होईपर्यंत ऐकून घ्यावे लागते. जायकवाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या दोन, एक ७०० मिलिमीटरची आणि दुसरी १४०० मिलिमीटरची. त्यांना समांतर नवी वाहिनी टाकायची आणि शहरातला पाणीपुरवठाही चालवायचा, असा करार २०११ साली एका खासगी कंपनीशी झाला. प्रकल्प ७९२ कोटींचा, मुदत २० वर्षांची. २०१४च्या सप्टेंबरात शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला. २०१६ साली महापालिकेने करार रद्द केला. मोठी वाहिनी तोवर झालेली नव्हती.

चूक कंपनीची किती आणि महापालिकेची किती, हा वाद मी इथे घालत नाही. मला जे खुपते ते पाणीपट्टीचे. करार होताना दर वर्षी दहा टक्के वाढ ठरवली गेली, आणि ती योग्यही असेल, कारण त्याशिवाय तो प्रकल्प बँकेबल झाला नसता. पण करार मोडल्यावर वाढलेला आकडा कुणी खाली आणला नाही. ज्या वाहिनीच्या नावाने दर वाढला ती नाही, आणि दर मात्र आहे. वर सांगितलेले ४०५० रुपये ते हेच. २०२२ साली ती पाणीपट्टी निम्मी, म्हणजे २०२५ रुपये झाली. कर्ज मंजूर झाले नाही तरी हप्ता सहा वर्षे कापत राहिलो, असे एखाद्या खातेदाराबाबत आमच्या शाखेत झाले असते तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती. (गडचिरोलीकरांनी राग मानू नये. तिथे माझी दोन वर्षे फार चांगली गेली.)

आता नवी योजना सुरू आहे. २०२०मध्ये तिचे भूमिपूजन झाले तेव्हा आकडा १६८० कोटी होता. पुढे ती शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या अमृत २.० अभियानात गेली आणि आकडा २७४० कोटींवर पोहोचला. ७९२ आणि २७४० या आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये, दोन्ही योजनांची व्याप्ती सारखी नाही. तरी मधली वर्षे फुकट गेली नाहीत, त्यांचेही बिल लागले, एवढे म्हणायला हरकत नसावी. या २७४० कोटींत महापालिकेचा हिस्सा ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी. आमच्या महापालिकेला स्मार्ट सिटीचे २५० कोटी घालतानाच घाम फुटला होता.

स्मार्ट सिटीचेही थोडे सांगते, कारण पीपीपीचा पहिला मोठा गाजावाजा तिथेच झाला. आपल्या राज्यात एका शहरासाठी केंद्राचे ५००, राज्याचे २५० आणि महापालिकेचे २५० कोटी, असे सूत्र होते. त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, तिचे भाग राज्य आणि महापालिका यांच्यात निम्मे-निम्मे. हजार कोटीत शहर स्मार्ट होत नाही हे दिल्लीलाही ठाऊक होते. म्हणून देशभरच्या १०० शहरांनी जे दोन लाख कोटींहून मोठे प्रस्ताव दिले, त्यांतला साधारण पाचवा हिस्सा पीपीपीतून येईल असे कागदावर धरले होते. प्रत्यक्षात तेवढा आला नाही. खासगी माणूस येऊन पाहतो, कुठे तिकीट लावता येईल, कुठे बिल लावता येईल. आणि नसेल तर नमस्कार करून जातो. चौकातल्या सीसीटीव्हीला कोण तिकीट देणार?

आमच्याकडे स्मार्ट सिटीतून १०० शहर बस आल्या. मी स्वतः त्यातून फिरते. रिक्षावाल्याशी घासाघीस वाचली, हे मोठेच सुख. पण तिकिटातून बसचा खर्च निघत नाही. पुण्या-मुंबईतही निघत नाही. म्हणजे बस ‘बँकेबल’ नाही. म्हणून ती बंद करायची का? पाणी, बस, सांडपाणी ही कामे शहराने स्वतःच्या करातूनच उचलायची असतात, आणि त्यासाठी मालमत्ता कर नीट वसूल करावा लागतो. ते अप्रिय काम आहे. भागीदार शोधणे त्यापेक्षा सोपे वाटते, फोटोही चांगला येतो.

बँकेतली एक गोष्ट आठवते. जालना रोडवर डाळ मिल काढायला एक गृहस्थ आले होते. प्रोजेक्ट रिपोर्ट झकास, प्लॅस्टिकच्या कव्हरात. पहिल्या वर्षापासून मिल ९० टक्के क्षमतेने चालणार असे दाखवलेले. आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बाई, यांना विचारा, पहिल्या वर्षी तूर कोण देणार आहे? उधारीवर माल नेणारे पैसे कधी देणार आहेत? भुस्सा कुठे टाकणार आहेत?” गृहस्थांकडे तिन्हीची उत्तरे नव्हती. साहेबांनी कर्ज नाकारले नाही. ५० टक्के क्षमतेवर हप्ता बसतो का ते पाहिले, रक्कम कमी केली, मुदत वाढवली. मिल अजून चालू आहे.

पाणीयोजनेच्या अहवालात मला हेच पाहायचे असते. बिल लावल्यावर किती टक्के लोक भरतील असे धरले आहे? बेकायदा नळांचे काय धरले आहे? गळतीचे? पहिल्या दोन वर्षांत रस्ते खणून ठेवल्यामुळे लोक चिडलेले असतील आणि नेमका तेव्हाच दर वाढणार असेल, तर वसुली वाढेल की कमी होईल? हे प्रश्न विचारायला इंजिनीअर लागत नाही. कुणीही क्लार्क विचारेल.

खासगी भागीदारी म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो असेही नाही. नागपूरने पाण्याचा करार २५ वर्षांचा केला आणि २०१२पासून तो चालू आहे. तक्रारी तिथेही आहेत, बिलांवरून भांडणे आहेत. पण त्यांनी अख्खे शहर एका दिवशी हवाली केले नव्हते. आधी धरमपेठ झोनमध्ये करून पाहिले, मग पुढे गेले. आमच्याकडे खिचडीसुद्धा आधी एक शीत चेपून पाहतात.

पुण्याने वेगळी वाट धरली. २०१७ साली महापालिकेने समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, १० वर्षांचे, ७.५९ टक्के व्याजाचे. तिथे भागीदार कुणी नाही. कर्ज महापालिकेचे, फेड महापालिकेची. मला ही वाट सरळ वाटते, कारण उद्या काही बिघडले तर कुणाच्या दारात जायचे हे ठाऊक असते. पण रोखे विकायचे म्हणजे वह्या आधी पत जोखणाऱ्या मानांकन संस्थेसमोर उघडाव्या लागतात. आणि ज्या महापालिकेचा ठेकेदार बिलासाठी वर्षभर चकरा मारतो, तिला साडेसात टक्क्यांनी पैसे कोण देईल, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

तिसरे उदाहरण कोल्हापूरचे. माझी धाकटी बहीण राजारामपुरीत राहते. शहरातले ४९ किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर झाले, २२० कोटींचे काम, आणि ३० वर्षे टोल. २०१३मध्ये टोल सुरू झाला तेव्हा बहीण फोनवर म्हणाली, “ताई, आमच्याच शहरात आमच्याच गाडीनं भाजीला जायला पैसे!” एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, नाके पेटले. शेवटी सरकारने टोल रद्द केला आणि कंपनीची भरपाई केली. भरपाई म्हणजे कुणाचा पैसा हे वेगळे सांगायला नको. माझा भाग त्यात आहे, मी कोल्हापूरच्या त्या रस्त्यावरून एकदाच गेले असले तरी.

कोल्हापूरच्या लोकांना रस्ते नको होते असे नाही. त्यांच्याशी आधी कुणी बोललेच नव्हते. करार झाला तेव्हा टोलचा दर, मुदत, सूट कुणाला, हे सारे कागदावर होते. तो कागद किती कोल्हापूरकरांनी पाहिला होता?

आणि हे कागद पाहण्यासारखे असतात हो. त्याला ‘कन्सेशन करार’ म्हणतात. कन्सेशन म्हटल्यावर आपल्याला एसटीची सवलत आठवते. इथे सवलत कसली नाही, सार्वजनिक सेवा चालवून पैसे वसूल करण्याचा हक्क देणे, असा अर्थ आहे. आम्ही असले करार कर्ज देण्याआधी वाचत असू, आणि सगळ्यात आधी उघडत असू तो शेवटाकडचा भाग: करार मोडला तर काय. राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श करारात लिहिलेले असते की, चूक सरकारी यंत्रणेची असेल तर तिने कंपनीचे सारे थकीत कर्ज आणि वर कंपनीच्या भांडवलाच्या दीडपट रक्कम द्यायची. आणि चूक कंपनीची असेल तर? तरीही कर्जाचा ९० टक्के भाग, विम्याची रक्कम वजा करून, यंत्रणेनेच द्यायचा. बँकेत बसलेल्या मला हे कलम फार आवडायचे, माझे कर्ज सुरक्षित होते ना. निवृत्त झाल्यावर टेबलाच्या या बाजूला आले आणि तेच कलम वेगळे दिसू लागले. कोणीही चुकला तरी बँकेचे पैसे बुडत नाहीत, याचा अर्थ जामीनदार भक्कम आहे. जामीनदार कोण? शहर. म्हणजे मी, माझी सून, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी लावणारा.

बँकेत जामीनदाराची सही घेताना एक पथ्य होते. त्याला समोर बसवायचे, रक्कम आणि अटी मराठीत वाचून दाखवायच्या, ‘समजले’ असे त्याच्या हाताने लिहून घ्यायचे. एकदा एक आजोबा नातवासाठी जामीन राहायला आले. मी सगळे वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे ह्यानं नाही भरलं तर माझं वावर जाईल?” मी म्हटले, हो. आजोबा उठले, टोपी नीट केली आणि नातवाला म्हणाले, “चल, घरी बोलू.” दोघे पुन्हा आले नाहीत. त्या महिन्याचे टार्गेट माझे एका खात्याने हुकले, पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

शहराच्या करारात हे पथ्य कोण पाळतो? समांतरच्या काळात पाण्याच्या मीटरचा फॉर्म घेऊन एक मुलगा दारात आला होता. विनयशील होता, पायऱ्यांवर चपला काढून बसला. मी विचारले, दर पुढच्या वर्षी किती, मग त्याच्या पुढच्या वर्षी किती? तो म्हणाला, “काकू, ते करारात आहे.” करार कुठे मिळेल? “ते मला नाही माहीत.” खरे बोलला बिचारा. मग मी एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी मला आधी तीन नंबरच्या टेबलावर पाठवले, तिथून वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारले, “तुम्हाला कशाला हवा?” मला पाणीपट्टी भरायची आहे म्हणून, असे मी सांगितले. त्यांना ते विनोदी वाटले.

त्यातून आमच्या महापालिकेत एप्रिल २०२० ते जानेवारी २०२६ नगरसेवकच नव्हते. पावणेसहा वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. काही कामे वेगाने झालीही असतील. पण शेकडो कोटींचे निर्णय झाले आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृह नव्हते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आता निवडणूक होऊन नगरसेवक आले आहेत. त्यांच्यापुढे आज ना उद्या चॅलेंज फंडाचा प्रस्ताव येईल, सोबत सल्लागाराचे रंगीत सादरीकरण येईल, आणि ‘मुदत जवळ आली आहे, आजच ठराव करा’ असेही सांगितले जाईल. मुदतीचे हे अस्त्र आमच्यावर कर्जदार मार्चअखेरीला वापरत असत. ३१ मार्चला रात्री मंजूर केलेली कर्जे पुढे काय दिवे लावतात, ते कुठल्याही बँकवाल्याला विचारा.

माझे म्हणणे एवढेच की, कोणत्याही पीपीपी करारावर सर्वसाधारण सभेत मतदान होण्याआधी तो करार आणि त्याचा मराठीतला सारांश प्रत्येक प्रभाग कार्यालयात महिनाभर ठेवावा. सारांशात वर्षवार दरांचा तक्ता असावा. करार मोडल्यास शहराला किती रक्कम द्यावी लागेल तो आकडा पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षासाठी लिहावा, रुपयांत. कलमांचे क्रमांक नकोत. आणि करार संपला तर त्याच्यासाठी वाढवलेला दर आपोआप पूर्वपदावर येईल, असे एक वाक्य महापालिकेच्या उपविधीतच, म्हणजे तिच्या नियमांतच, घालावे. या शेवटच्या वाक्यासाठी मी भांडायला तयार आहे. पावत्या आहेत माझ्याकडे.

वकील म्हणतील, करारात व्यापारी गुपिते असतात. असतील. यंत्राचे डिझाइन झाका, दर झाकू नका. ज्याच्या नळातून वसुली होणार त्याच्यापासून दर गुप्त, हे कसले गुपित?

हे पत्र लिहीत असताना आमच्या गल्लीत जुन्याच लाइनचे पाणी येते आहे. या महिन्याच्या पानावर आतापर्यंत तीन गोल आहेत, आणि एक तारीख गोल करून खोडलेली आहे. त्या दिवशी ‘एक दिवस पुढे’ असा निरोप आला. नव्या नगरसेवकांपैकी कुणाला असा करार शेजारी बसून वाचून हवा असेल तर मी येईन. मानधन नको, चहा चालेल, चष्मा माझा मी आणते. फक्त आमच्या पाण्याच्या दिवशी बोलावू नये.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सिडको, छत्रपती संभाजीनगर